शाळामास्तर फाब्र आणि पतंगांचा गंध

पावसाळ्यात मळवली, कामशेत, वडगाव या बाजूने भाताची खाचरे पाहत निघाले की एखाद्या खाचरात पिकाच्या वर डोके काढून उभी असलेली काठी दिसते. काठीला एक लहानसे झाकण, झाकणाखाली नरसाळे आणि नरसाळ्याखाली लोंबणारी प्लॅस्टिकची लांबट पिशवी. शेतकरी त्याला कामगंध सापळा म्हणतात. झाकणाच्या आत खोडरबराच्या तुकड्याएवढी एक गोळी अडकवलेली असते. तिला नाक लावून पाहावे तर रबराच्या वासापलीकडे आपल्याला काही जाणवत नाही. भाताच्या खोडकिड्याचा नर पतंग मात्र रात्रीच्या काळोखात तिच्याकडे ओढला जातो, कारण त्याच्या मादीच्या अंगच्या गंधाची नक्कल त्या रबरात मुरवलेली असते. तो झाकणाखाली घिरट्या घालतो, नरसाळ्यात घसरतो आणि पिशवीत अडकतो.

या गोळीची हकीकत रसायनशास्त्राच्या पुस्तकात सूत्रांनी सुरू होते. तिचा खरा आरंभ मात्र एका गरीब शाळामास्तरांच्या घरात, मेणबत्तीच्या उजेडात झाला. त्यांचे नाव झां-आंरी फाब्र. कला शाखेच्या वार्षिकात किड्यांची कथा कशाला, असे कोणी विचारील. फाब्र यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले होते ते साहित्याच्या, एवढेच सांगून पुढे जातो.

दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं या खेड्यात डिसेंबर १८२३ मध्ये फाब्र यांचा जन्म झाला. आईबाप गरीब, खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून पोराला डोंगरावर आजी-आजोबांकडे धाडून दिले. त्या वस्तीचे नाव मालाव्हाल. नावात आपला मावळ लपलेला दिसतो तो केवळ योगायोग. पण थंडी, दगड, गुरे आणि पोटापुरते पिकवणारी माणसे हे चित्र आपल्या ओळखीचे वाटते. घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती. तिथेच या पोराने आपला पहिला प्रयोग केला. सूर्याचा उजेड आपल्याला तोंडाने कळतो की डोळ्यांनी, असा प्रश्न त्याला पडला. तोंड उघडून डोळे मिटले, मग डोळे उघडून तोंड मिटले, आणि पुन्हा एकदा तसेच करून खात्री करून घेतली. संध्याकाळी हा शोध घरात सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. या हसण्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. पुढे आयुष्यभर तो हेच करीत राहिला: दोन्ही बाजूंनी करून पाहायचे आणि मग बोलायचे.

सात वर्षांचा झाल्यावर तो गावच्या शाळेत आला. मास्तर गावचा न्हावीही होता आणि देवळाची घंटाही तोच वाजवी. शाळेची खोली हेच स्वयंपाकघर, आणि कोंबड्या व डुकराची पिले मधूनमधून वर्गात शिरत. वडिलांचा कोणताच धंदा नीट चालला नाही. गाव बदलत गेले, शिक्षण तुटत गेले आणि एक वेळ अशी आली की कोवळ्या वयातल्या या मुलाला जत्रेत लिंबे विकावी लागली आणि रेल्वेच्या रुळांवर मजुरीही करावी लागली. अशा स्थितीत आव्हिन्यों येथील अध्यापक विद्यालयाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्याने दिली आणि तो निवडला गेला. १८४२ मध्ये, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याआधी, फाब्र कार्पांत्रा गावी मास्तर झाले. पगार वर्षाला ७०० फ्रँक.

जमीन मोजणी शिकवण्यासाठी ते मुलांना उघड्या माळावर नेत. एकदा त्यांच्या ध्यानात आले की मुले साखळी-काठ्या टाकून मध्येच खाली वाकतात आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखतात. दगडावर मातीची घरटी बांधणाऱ्या मधमाशीचा तो मध होता. आपल्यातला एखादा गुरुजी कान पिळून मोकळा झाला असता. हे गुरुजी मुलांच्या शेजारी बसले, मध चाखला आणि त्या माशीचे नाव शोधण्यासाठी एका महिन्याचा पगार एका पुस्तकावर घालवून बसले. घरी पुढे ओढाताण झाली असणार, हे उघड आहे.

कॉर्सिका बेटावरची काही वर्षे, तिथला हिवताप, एका नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने शिवणाच्या सुयांनी गोगलगाय फाडून दाखवली आणि गणिताचा नाद सोडायला सांगितले तो प्रसंग, हे सारे इथे थोडक्यात आवरतो. १८५३ मध्ये ते आव्हिन्योंच्या शाळेत परतले आणि पुढली जवळपास अठरा वर्षे तिथेच राहिले. शिकार केलेला भुंगेरा गांधीलमाशीच्या बिळात आठवडेच्या आठवडे ताजा कसा राहतो, हे कोडे त्यांनी १८५५ मध्ये सोडवले. तो मेलेलाच नसतो. माशी त्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत नेमकी नांगी मारून त्याला लुळा करते. या कामाला फ्रेंच विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि डार्विनने आपल्या ग्रंथात त्यांचा उल्लेख केला. फाब्र यांनी मात्र डार्विनचा उत्क्रांतिवाद शेवटपर्यंत मानला नाही. सिद्धांताविषयी त्यांना एक प्रकारची अढी होती आणि ती त्यांच्या कामाला अनेक ठिकाणी आडवी आली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. भक्तिभावाने चरित्रे लिहिणारे ही गोष्ट चटकन ओलांडून जातात.

पगार वाढत नव्हता, मुले वाढत होती. १८६५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा तपास करायला निघालेले लुई पाश्चर त्यांच्याकडे आले. कोशाच्या आत किडा असतो एवढीही माहिती तेव्हा पाश्चर यांना नव्हती. फाब्र यांनी कोश दाखवला, तर पाश्चर यांनी त्यांचे मद्याचे तळघर पाहायची इच्छा दर्शवली! तळघर कुठले? स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बैठक गेलेल्या खुर्चीवर ठेवलेला एक बुधला, एवढीच यजमानांची संपत्ती होती.

दारिद्र्यातून सुटण्याचा एक मार्ग त्यांना दिसला होता. आव्हिन्योंच्या आसपास तांबड्या रंगासाठी मंजिष्ठेच्या जातीची एक वनस्पती मोठ्या प्रमाणावर पिकवीत. तिच्या मुळ्यांतून शुद्ध रंग काढण्याची रीत शोधण्यात फाब्र यांनी अनेक वर्षे घालवली. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत, सुट्टीत कारखान्यात. रीत साधली, एकस्वेही घेतली, आता दोन घास सुखाचे मिळतील अशी चिन्हे दिसू लागली. तोच १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून तयार करून दाखवला. थोड्याच वर्षांत कारखान्यांतून स्वस्त रंग बाहेर पडू लागला, शेतांतली ती मुळे कवडीमोल झाली आणि त्यांच्याबरोबर फाब्र यांची सारी मेहनतही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

लागलीच दुसरा घाव बसला. शिक्षणमंत्री द्युर्‍युई यांनी मुलींसाठी विज्ञानाची मोफत व्याख्याने सुरू केली होती आणि आव्हिन्योंत ती फाब्र देत. फुलांत फळ कसे धरते, पराग कुठून कुठे जातो, हे त्यांनी मुलींना सरळ सांगितले. शहरातले सनातनी खवळले. घरमालकिणी दोघी भाविक बहिणी. त्यांनी महिनाभरात घर खाली करायला लावले. पाच मुले, बायको, भाडेपावतीचा कागदही जवळ नाही, आणि फ्रान्स-जर्मनीचे युद्ध पेटलेले. त्या वेळी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने ३००० फ्रँक उसने दिले. मिल यांच्या पत्नीचे थडगे आव्हिन्योंत होते, म्हणून ते तिथे येऊन राहत आणि फाब्र यांच्याबरोबर वनस्पती गोळा करीत हिंडत. फाब्र यांनी नोकरी सोडली, ओरांज या गावी बिऱ्हाड हलवले आणि शाळेची क्रमिक पुस्तके लिहून पोट भरले, शिवाय कर्जाची पै न पै फेडली. तिथेच १८७७ मध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा झ्युल वारला. झ्युल फुलांचा आणि किड्यांचा वेडा, बापाचा उजवा हात. तीन गांधीलमाश्यांना फाब्र यांनी मुलाचे नाव दिले, आणि त्या दुःखातच ‘कीटकांच्या आठवणी’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८७९ मध्ये बाहेर पडला. दहावा खंड निघायला १९०७ साल उजाडले.

१८७९ मध्येच सेरिन्यां गावाबाहेर त्यांनी एक घर घेतले. भोवती सुमारे हेक्टरभर दगडाळ, काटेरी, नांगराला न जुमानणारी जमीन. तिकडच्या बोलीत अशा पडीक रानाला आर्मास म्हणतात, तेच घराचे नाव झाले. वय ५५. किड्यांसाठी चाळीस वर्षे मनात धरलेली ही जागा मिळाली तेव्हा अर्धे आयुष्य सरले होते.

आता त्या रात्रीकडे वळतो. युरोपातला सर्वांत मोठा पतंग म्हणजे मोठा मयूरपतंग. आपल्याकडे पावसाळ्यात लोणावळ्या-खंडाळ्याच्या दिव्यांखाली वितीएवढा तपकिरी अ‍ॅटलास पतंग किंवा फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चांद्रपतंग कधीकधी भिंतीला चिकटलेला आढळतो, त्यांच्याच कुळातला हा. एका वर्षी ६ मेच्या सकाळी फाब्र यांच्या टेबलावर या जातीची मादी कोशातून बाहेर आली. विशेष हेतू न धरता त्यांनी तिच्यावर तारेच्या जाळीचा घुमट ठेवला. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या खोलीत एकच गोंधळ उडाला. धाकटा पॉल अर्धवट कपड्यांत धावत, उड्या मारत बापाला हाका मारीत होता. खोली पाखरांएवढ्या पतंगांनी भरली होती. फाब्र मेणबत्ती घेऊन अभ्यासिकेत गेले. एक खिडकी उघडी राहिली होती. मोठमोठे नर घुमटाभोवती फडफडत होते, छताला धडकत होते, मेणबत्ती विझवीत होते, माणसांच्या खांद्यांवर बसत होते. घरभर मिळून चाळीसेक भरले. पुढच्या आठ रात्रींत त्यांनी एकूण दीडशे मोजले.

दुसरा कोणी असता तर या शोभेवर एक सुंदर परिच्छेद लिहून झोपी गेला असता. फाब्र यांना त्या रात्री झोप आली नाही, असे मानायला हरकत नाही. या जातीच्या अळ्या बदामाच्या झाडावर वाढतात आणि त्या भागात बदाम थोडे. म्हणजे हे नर दूरवरून आले होते. आभाळ भरलेले, काळोख गच्च, घर झाडांत बुडालेले. डोळ्यांनी वाट सापडणे शक्य नव्हते. आवाजही नव्हता. उरला वास. पण माणसाच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता.

मग करून पाहणे सुरू झाले. नरांच्या पिसांसारख्या शिंगा, म्हणजे मिशा, कापून त्यांना सोडून दिले. ते बहुतेक परत आले नाहीत. पण नुसती पाठीवरची लव कापून खूण केलेलेही फारसे परतले नाहीत. तेव्हा प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे लिहून टाकले. या पतंगाला खाण्यासाठी तोंडच धड नसते. तो चार दिवस जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधतो. दर वर्षी मेमध्ये आठवडाभराची संधी, आणि ती हवेने वाया घालवली की पुढला मे. वर्षे जात राहिली. मोठा मयूरपतंग रात्री येतो, दिव्यावर झेपावतो, निरीक्षण बिघडवतो. शेवटी त्यांनी त्याचा नाद सोडला.

उत्तर मिळाले दुसऱ्याच पतंगाकडून. भाजी विकायला दारी येणाऱ्या एका सात वर्षांच्या पोराने एक कोश आणून दिला. तो ओकच्या झाडावरच्या एका तपकिरी पतंगाचा निघाला. वीस वर्षांत फाब्र यांना तो आसपास एकदाही दिसला नव्हता. मादी बाहेर आली आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी साठ नर हजर. आता दिवसाउजेडी सगळे पाहता येत होते. मादीभोवती त्यांनी डांबरगोळ्यांची भुकटी, रॉकेल, लव्हेंडरचे तेल, सडक्या अंड्याच्या वासाचे द्रव्य अशा बशा मांडल्या. खोलीत माणसाला उभे राहवेना. नर मात्र सरळ मादीकडे आले. मादीला घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले तेव्हा एकही फिरकला नाही. झाकण किंचित किलकिले ठेवले की आले. नंतर मादीला काचेच्या घुमटाखाली, अगदी त्यांच्या वाटेवर, लख्ख उजेडात ठेवले. नर तिच्यावरून निघून गेले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ती रात्रभर बसली होती त्या रिकाम्या जाळीवर गर्दी करून बसले. तिने स्पर्शलेल्या ओकच्या डहाळीशीही ते तासन्‌तास झोंबत राहिले. डोळ्यांसमोरची मादी त्यांना नको होती. मागे राहिलेला वास हवा होता.

फाब्र यांची अडचण अशी की मधल्या काळात त्यांना बिनतारी तारायंत्रासारख्या लहरींचीही शंका येऊन गेली होती, कारण वारा पाठीशी घेऊनही काही नर येत. डहाळीच्या प्रयोगाने वासाचा पक्ष बळकट झाला. पण तो कसला वास, कोणते द्रव्य, इतके कमी असून इतके लांब कसे पोचते, यापुढे त्यांच्या हातात साधन नव्हते. १९०० मध्ये सातव्या खंडात हे सारे छापून आले.

ते द्रव्य शोधायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि ते शोधले जर्मन रसायनशास्त्राने. ज्या शास्त्राने फाब्र यांच्या तोंडचा घास काढून घेतला होता त्यानेच. आडोल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे वीस वर्षे खर्चून रेशीमकिड्याच्या पाच लाखांवर माद्यांच्या गंधग्रंथी गोळा केल्या आणि १९५९ मध्ये त्यांतून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य काढले. सोळा कार्बन अणूंची साखळी असलेला तो एक मद्यार्क, बॉम्बिकोल. त्याच वर्षी अशा द्रव्यांसाठी फेरोमोन हा शब्द रूढ झाला. फाब्र यांच्या मिशा कापण्याच्या फसलेल्या प्रयोगालाही उत्तर मिळाले: नराच्या मिशीला विजेच्या तारा जोडल्या की गंधाचा कण लागताच तिच्यात उमटणारा विजेचा झटका मोजता येतो, हे जर्मनीतच १९५७ मध्ये डीट्रिच श्नायडर यांनी दाखवले. आज प्रयोगशाळेत मादीच्या ग्रंथीचा अर्क यंत्रातून घटक-घटक वेगळा करीत सोडतात आणि दुसऱ्या टोकाला नराची मिशी बसवलेली असते. कोणता घटक खरा हे पतंगच सांगतो.

तरीही चुका झाल्या. कापसाच्या शेंदरी बोंडअळीचा कामगंध सापडला अशी वार्ता १९६६ मध्ये आली आणि ती खोटी ठरली. खरा १९७३ मध्ये हाती लागला. मादीच्या अंगात हे द्रव्य इतके अत्यल्प असते, आणि साखळीतला एक दुवा इकडचा तिकडे वळला तरी नर पाठ फिरवतो. शिवाय बहुतेक वेळा द्रव्य एक नसते, दोन-तीनांचे ठरावीक मिश्रण असते. भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचे १९८५ मध्ये ओळखले गेले. तेही सोळा कार्बनांचेच, पण दोन अल्डिहाइडे, तीनास एक या प्रमाणात. खोडकिड्याची अळी खोडात शिरून आतून पोखरते. रोप लहान असेल तर मधला पोंगा सुकतो, लोंबी आल्यावर असेल तर लोंबी पांढरी पडते आणि दाणा भरत नाही. मावळात तिला पळींज म्हणतात. अळी खोडात गेली की औषध फवारून फारसा उपयोग होत नाही. म्हणून पतंग उडू लागले की नाही हे आधी कळणे मोलाचे. नजर ठेवण्यासाठी हेक्टरी पाच सापळे, नरच वेचून काढायचे असतील तर वीस, अशी शिफारस असते. ज्या इंद्रायणी भातासाठी वडगाव मावळचे संशोधन केंद्र ओळखले जाते, त्याच्या खाचरांतही हेच गणित.

भारतापुरती एक गोष्ट राहिली. बिहारमध्ये पुसा येथे काम करणाऱ्या हॉलेट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाला दिसले की डास हाकलायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्यांचे फक्त नर जमतात. त्यातले नेमके द्रव्य मिथिल युजेनॉल, हे त्याने १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. ते मादीचा गंध नव्हे, वनस्पतीतले द्रव्य. आपल्या तुळशीतही ते असते. कोकणातल्या आंबा बागांत टांगलेल्या रक्षक सापळ्यात आज तेच घालतात.

फाब्र यांना कीर्ती मिळाली ती वयाच्या ८६ व्या वर्षी. १९१० मध्ये शिष्य आणि चाहते सेरिन्यांला जमले, सत्कार झाला, वर्तमानपत्रांतून त्यांच्या गरिबीची वर्णने आली आणि पुस्तके एकाएकी खपू लागली. मदत म्हणून लोकांनी पाठवलेल्या पैशांनी म्हातारा संकोचला. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वँकारे त्यांना भेटायला आले. तोवर पाय गेले होते, दृष्टी अधू झाली होती आणि दुसरी पत्नीही आधीच्या वर्षी वारली होती. महायुद्ध सुरू झाले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी आर्मासमध्ये फाब्र वारले. सेरिन्यांच्या दफनभूमीत त्यांना पुरले. घर आणि ती दगडाळ जमीन फ्रेंच सरकारने पुढे विकत घेतली. तिथे आता संग्रहालय आहे.